दक्षिण आफ्रिकेतलं इक्वॅलिटी कोर्ट: भेदभावाची तक्रार कुठे आणि कशी करायची

जोहान्सबर्ग, डर्बन किंवा केपटाउनला नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘एजंटने आम्ही भारतीय आहोत म्हणून घर नाकारलं, आता काय करायचं?’ त्यावर बहुतेकांचं उत्तर असतं, ‘सोडून द्या, दुसरं बघा.’ दुसरं घर बघाच, कारण मुलांची शाळा तुमच्यासाठी थांबणार नाही. पण अशा नकाराविरुद्ध दाद मागायला या देशात वेगळं न्यायालय आहे. तिथे तक्रार दाखल करायला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. त्यालाच इक्वॅलिटी कोर्ट म्हणतात.

थोडी पार्श्वभूमी. १९९६ च्या राज्यघटनेचं नववं कलम समानतेचं. ते सरकारला भेदभाव करू देत नाही, आणि खासगी माणसालाही करू देत नाही. घटनेने संसदेला यासाठी कायदा करायची मुदत घालून दिली होती. त्यातून २००० सालचा चौथ्या क्रमांकाचा कायदा आला. त्याचं पूर्ण नाव (प्रमोशन ऑफ इक्वॅलिटी अँड प्रिव्हेन्शन ऑफ अनफेअर डिस्क्रिमिनेशन ॲक्ट) तोंडात बसत नाही, म्हणून सगळे त्याला ‘पेपुडा’ म्हणतात. इक्वॅलिटी कोर्टं प्रत्यक्ष सुरू झाली ती २००३ साली. त्यासाठी वेगळी इमारत शोधू नका. नेहमीचं मॅजिस्ट्रेट कोर्ट किंवा हायकोर्टच इक्वॅलिटी कोर्ट म्हणून बसतं, आणि या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेला अधिकारी प्रकरण ऐकतो.

भारतातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे सोसायटीने खाण्यावरून, धर्मावरून घर नाकारणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यावर कोर्टात जाता येईल असं डोक्यातच येत नाही. सदस्यत्व फक्त पारशांना देणाऱ्या अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केला होता. इथे मात्र घरमालक, शाळा, दुकान, क्लब, हॉस्पिटल, विमा कंपनी असे सगळे पेपुडाच्या कक्षेत येतात.

पहिलं काम: प्रकरण नोकरीचं आहे का ते बघा

बऱ्याच तक्रारी इथेच अडखळतात. बॉसने वंशावरून बढती नाकारली, मुलाखतीत तुम्हाला गरोदरपणाबद्दल विचारलं, अपंगत्वावरून कामावरून काढलं, तर इक्वॅलिटी कोर्टाकडे जाऊ नका. एम्प्लॉयमेंट इक्विटी ॲक्ट हा १९९८ चा कायदा जिथे लागू होतो तिथे पेपुडा लागू होत नाही, असं पेपुडातच लिहिलंय. अशा तक्रारी सीसीएमए या कामगार तंट्यांच्या लवादाकडे जातात आणि तिथे घड्याळ चालू असतं: कामावरच्या भेदभावासाठी घटनेपासून सहा महिने, अन्यायाने काढून टाकल्याच्या तक्रारीसाठी फक्त ३० दिवस. चुकीच्या दारात उभं राहून हे ३० दिवस घालवले तर नंतर उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. तेव्हा ऑफिसचं प्रकरण असेल तर इथेच वाचन थांबवा आणि सीसीएमएचा रेफरल फॉर्म भरायला घ्या.

दुसरं: तक्रार कोणत्या खात्यात बसते

पेपुडात तीन मुख्य गोष्टी येतात: अन्याय्य भेदभाव, हेट स्पीच आणि छळ.

भेदभाव म्हणजे एखाद्या निषिद्ध कारणावरून तुमच्यावर बोजा टाकणं किंवा लाभ, संधी नाकारणं. कारणांची यादी लांब आहे: वंश, रंग, लिंग, गरोदरपण, वैवाहिक स्थिती, वांशिक किंवा सामाजिक मूळ, लैंगिक कल, वय, अपंगत्व, धर्म, श्रद्धा, संस्कृती, भाषा, जन्म, एचआयव्हीची लागण. यादी इथे संपत नाही. यादीबाहेरच्या कारणानेही माणसाच्या प्रतिष्ठेला तितकाच धक्का बसत असेल, तर कोर्ट ते ऐकू शकतं. डिसेंबर २०१८ मध्ये वेस्टर्न केपच्या इक्वॅलिटी कोर्टाने गरिबी हे असं कारण मानलं. खायेलित्शासारख्या गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांना पोलिस कमी देण्याची पद्धत भेदभावाची आहे, असा तो निकाल. तक्रार काही संघटनांनी केली होती. म्हणजे स्वतःसाठीच दाद मागता येते असं नाही. स्वतःहून कोर्टात जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी, एखाद्या गटासाठी, जनहितासाठीही मागता येते.

आपल्या लोकांना इथे दोन शंका येतात. पहिली, ‘आम्ही नागरिक नाही, आम्हाला हा हक्क आहे का?’ आहे. घटनेचं नववं कलम ‘प्रत्येकाला’ आहे, नागरिकापुरतं नाही. राष्ट्रीयत्व यादीत थेट नाही, पण १९९७ मध्येच घटना न्यायालयाने, कायमचा रहिवास मिळालेल्या परदेशी शिक्षकांना केवळ नागरिकत्वावरून कायमची नेमणूक नाकारणं अन्याय्य ठरवलं होतं. तरी तक्रारीत नुसतं ‘राष्ट्रीयत्व’ लिहू नका. ‘इंडियन्स नको’ म्हणणाऱ्याला तुमचा पासपोर्ट बघायचा नसतो. तिथे वंश आणि वांशिक मूळ ही यादीतली कारणं आधी लिहा, राष्ट्रीयत्व त्यांच्या मागे जोडा. याचा फायदा काय, ते पुढे पुराव्याच्या भागात येईल.

दुसरी शंका बीईईची, म्हणजे वर्णभेदाने मागे ठेवलेल्यांना उद्योगधंद्यात पुढे आणणाऱ्या कायद्याची. ‘आम्हाला ब्लॅक इकॉनॉमिक एम्पॉवरमेंटमध्ये धरत नाहीत, हा भेदभाव नाही का?’ त्या कायद्यातल्या ‘ब्लॅक’ या व्याख्येत इथले भारतीय वंशाचे नागरिक येतात. पण २७ एप्रिल १९९४ नंतर बाहेरून येऊन नागरिकत्व घेतलेला माणूस साधारणपणे येत नाही. अन्यायाची झळ पोचलेल्या समाजाला पुढे आणणारे उपाय हे पेपुडात मुळातच अन्याय्य भेदभाव मानलेले नाहीत. ही तक्रार घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. आणि खरं सांगायचं तर ती करूही नये. वर्णभेदाची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या रांगेत आपण नव्हतो.

जातीचं काय? ‘जात’ हा शब्द यादीत नाही. पण ‘जन्म’ आणि ‘सामाजिक मूळ’ आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात किंवा घर भाड्याने देताना कुणी जात विचारून दूर ठेवलं, तर तक्रार या दोन शब्दांवर उभी करता येईल.

हेट स्पीचची पायरी बरीच उंच आहे. निषिद्ध कारणावरून केलेलं विधान असं हवं की त्यातून इजा करण्याचा किंवा इजेला चिथावण्याचा आणि द्वेष पसरवण्याचा स्पष्ट हेतू दिसावा. पूर्वी कायद्यात ‘दुखावणारं’ असाही निकष होता. क्वेलाने खटल्यात २०२१ मध्ये घटना न्यायालयाने तो काढून टाकला. त्यामुळे मन दुखावलं, एवढ्यावर हेट स्पीच सिद्ध होत नाही. सिद्ध झालं तर मात्र दणका बसतो. २०१६ मध्ये क्वाझुलू-नाताळच्या उम्झिंटो इक्वॅलिटी कोर्टाने पेनी स्पॅरो या बाईंना, समुद्रकिनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांना माकडं म्हणणाऱ्या फेसबुक पोस्टबद्दल, एका सामाजिक प्रतिष्ठानला १,५०,००० रँड द्यायला लावले.

मग पार्किंगमध्ये भांडताना कुणी ‘कुली’ म्हणालं तर? इथे हा शब्द हमालासाठी नाही. १८६० पासून उसाच्या मळ्यांत आणलेल्या गिरमिटियांना हिणवायला तो वापरला गेला आणि आजही ती शिवीच आहे. एका भांडणातली शिवी हेट स्पीचच्या पायरीपर्यंत चढेलच असं नाही. पण ती छळात बसू शकते: नको असलेलं, वारंवार किंवा गंभीर स्वरूपाचं वागणं, ज्याने माणूस अपमानित होतो. शिवाय पोलिस ठाण्यात ‘क्रिमेन इन्ज्युरिया’ (जाणूनबुजून कुणाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणं) या गुन्ह्याची फिर्यादही देता येते, कोर्टातल्या तक्रारीला ती आड येत नाही.

तिसरं: पुरावा, तोही त्याच आठवड्यात

समजा, एजंटने फोनवर सांगितलं, ‘मालकांना इंडियन नको आहेत, मसाल्याचा वास राहतो.’ फोन ठेवल्या ठेवल्या त्याला व्हॉट्सॲपवर एक सभ्य संदेश पाठवा: ‘आत्ता आपलं बोलणं झालं त्यात तुम्ही म्हणालात की मालक भारतीयांना घर देणार नाहीत. मी बरोबर ऐकलं ना?’ तो ‘हो’ म्हणेल, सारवासारव करेल किंवा गप्प बसेल. तिन्ही उपयोगाचे. त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घेताना वरचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. जाहिरात साइटवरून उतरवली जायच्या आत तिचाही फोटो काढा. दोन दिवसांनी दुसऱ्या वंशाच्या मित्राने त्याच घराची चौकशी केली आणि त्याला ‘या, बघून जा’ असं उत्तर आलं, तर ती चॅट सोन्यासारखी जपा.

फोन रेकॉर्ड करावा का? संभाषणात तुम्ही स्वतः असाल तर इथल्या कायद्याने करता येतो. दुसऱ्या दोघांमधलं बोलणं चोरून टिपू नका.

साक्षीदार असेल तर त्याच्याकडून ॲफिडेव्हिट घ्या. त्यासाठी वकील नको. कुठल्याही पोलिस ठाण्यात अधिकारी शपथ देऊन शिक्का मारून देतो, फुकट. स्वतःचंही एक करून ठेवा: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, शक्यतो त्याच शब्दांत आणि त्याच भाषेत. ‘त्याने आमचा अपमान केला’ या वाक्याने कोर्टाचं काही भागत नाही. तो नेमकं काय म्हणाला ते लिहा.

आता मघाशी सांगितलेला फायदा. पेपुडात पुराव्याचं ओझं बऱ्यापैकी समोरच्यावर आहे. तुम्ही प्रथमदर्शनी प्रकरण उभं करायचं. मग असं घडलंच नाही किंवा त्या कारणावरून घडलं नाही, हे समोरच्याने दाखवायचं. ते त्याला जमलं नाही आणि कारण यादीतलं असेल, तर कायदा तो भेदभाव अन्याय्य धरूनच चालतो. न्याय्य होता हे सिद्ध करणं पुन्हा समोरच्याकडे. कारण यादीबाहेरचं असेल तर आधी तुम्हालाच जास्त खपावं लागतं. म्हणून वंश आधी, राष्ट्रीयत्व नंतर.

चौथं: काय हवंय ते ठरवा, मगच फॉर्मला हात लावा

माझ्या मते इथे जितका विचार व्हायला हवा तितका कुणी करत नाही. राग आलेला असतो, म्हणून ‘नुकसानभरपाई’ लिहून मोकळे होतात, आकडाही मनाला येईल तो. या कोर्टाच्या हातात पैशापेक्षा बरंच काही आहे. ते बिनशर्त माफी मागायला लावू शकतं, नियम बदलायला लावू शकतं, एखादी गोष्ट करायला किंवा थांबवायला सांगू शकतं, नाकारलेली संधी द्यायला लावू शकतं, एखाद्या संस्थेला रक्कम द्यायला सांगू शकतं, धोरणाची तपासणी करून अहवाल मागवू शकतं, परवाना निलंबित करण्याची शिफारस करू शकतं. निकाल लागेपर्यंत अंतरिम आदेशही मागता येतो. जर्मिस्टनमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका महिला वकिलाला कोर्टातच जाता येईना, पायऱ्यांवरून उचलून न्यावं लागलं. त्यांनी इक्वॅलिटी कोर्टात न्याय खात्यालाच उभं केलं. २००४ मध्ये तडजोड झाली आणि कोर्टाच्या इमारती अपंगांसाठी सोयीच्या करण्याचं सरकारने मान्य केलं. भरपाईचा कितीही मोठा आकडा मागून त्यांना रँप मिळाला नसता.

दुसरा दाखला आपल्याला जास्त जवळचा, कारण तो चमकीचा आहे. डर्बनच्या एका मुलींच्या सरकारी शाळेतल्या तमिळ मुलीने २००४ च्या सुट्टीत नाक टोचून घेतलं. शाळेच्या नियमात कानातलं चालत होतं, नाकातलं नाही. जखम भरेपर्यंत शाळेने मुभा दिली, नंतर काढ म्हणाली. आईने शाळेला पत्र लिहून सांगितलं: ही फॅशन नव्हे, आमच्या दक्षिण भारतीय घरात मुलगी वयात आली की नाक टोचतात, सोळाव्या वर्षी आजी सोन्याच्या जागी हिऱ्याची चमकी घालते. शाळा ऐकेना, तेव्हा आई डर्बनच्या इक्वॅलिटी कोर्टात गेली आणि तिथे हरली. पीटरमेरित्सबर्गच्या हायकोर्टात जिंकली. (हो, गांधीजींना जिथे गाडीतून उतरवलं तेच गाव. ती गोष्ट तुम्हाला इथे कुणीतरी सांगेलच, मी सांगत बसत नाही.) प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि ५ ऑक्टोबर २००७ रोजी सरन्यायाधीश पायस लांगा यांनी पिल्ले खटल्याचा निकाल मुलीच्या बाजूने दिला. प्रथा सक्तीची नाही, ऐच्छिक आहे, म्हणून तिला संरक्षण नाही, हा युक्तिवाद त्यांनी फेटाळला. चमकीने शाळेच्या शिस्तीला काय धक्का बसणार होता, हे शाळेला दाखवता आलं नाही.

तोवर मुलगी शाळेतून बाहेरही पडली होती. भरपाई मिळाली नाही. मिळालं ते हे: सूट नाकारणं अन्याय्य होतं असा ठराव, आणि धार्मिक-सांस्कृतिक कारणासाठी सूट कशी मागायची याची तरतूद नियमावलीत करण्याचा शाळेला हुकूम. आज तुमच्या मुलीच्या शाळेने चमकी, गंडा किंवा शेंडीवर आक्षेप घेतला, तर याच निकालाचा आधार घेऊन आधी मुख्याध्यापकांना लेखी सूट मागा. त्या आईचं पत्र तिच्या खटल्यात कामाला आलं, तुमचंही येईल. बरेचदा प्रकरण पत्रावरच मिटतं.

पाचवं: फॉर्म २

घटना घडली त्या भागातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात जा आणि ‘इक्वॅलिटी कोर्ट क्लार्क’ कुठे बसतात ते विचारा. छोट्या कोर्टात दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हे नाव ओळखीचं नसतं, तो तुम्हाला स्मॉल क्लेम्सच्या खिडकीकडे पाठवेल. दोनदा विचारा. फॉर्म २ तिथे मिळतो, न्याय खात्याच्या वेबसाइटवरही आहे. लिहिता-वाचता येत नसेल किंवा अपंगत्वामुळे अडत असेल तर भरायला मदत करणं क्लार्कचं कामच आहे.

फॉर्मवर घटना क्रमाने मांडा, अर्ध्या पानात बसेल इतकी. ‘१२ मार्चला सकाळी ११ च्या सुमारास एजंटने फोनवर सांगितलं की मालक भारतीयांना घर देत नाहीत. भाडं परवडेल याचा पुरावा म्हणून पगाराच्या तीन स्लिपा मी आधीच दिल्या होत्या.’ यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण एजंट हमखास म्हणणार की पगार पुरेसा नव्हता. मग कारण: वंश, वांशिक मूळ. मग मागणी. एजंट आणि मालक दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

पुढचा क्रम असा: क्लार्क ७ दिवसांत समोरच्याला कळवतो, त्याला उत्तरासाठी १० दिवस मिळतात, मग ३ दिवसांत कागद अधिकाऱ्यापुढे जातात आणि ७ दिवसांत तो ठरवतो की प्रकरण इथेच ऐकायचं की दुसऱ्या योग्य संस्थेकडे पाठवायचं. कागदावर हे महिन्याभरात होतं. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला आणि क्लार्कला फोन करत राहा.

इथेच ऐकायचं ठरलं तर आधी ‘डायरेक्शन्स हिअरिंग’ होतं. त्यात साक्षी होत नाहीत. कुठल्या मुद्द्यावर वाद आहे, कोण साक्षीदार आणणार, कागद कधी द्यायचे, दुभाषी लागेल का, एवढंच ठरतं. बरीच प्रकरणं इथेच समेटाकडे वळतात, कारण एजन्सीला कोर्टात नाव झालेलं नको असतं. समेट करत असाल तर तो कोर्टाचा आदेश म्हणून नोंदवून घ्या. बाहेर झालेल्या तोंडी ‘सॉरी’चा पुढे काही उपयोग नाही.

दुभाष्याबद्दल आधीच सांगून ठेवा. राज्यघटनेत आदर राखण्याजोग्या समाजभाषांची नावं आहेत, त्यात गुजराती, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू आहेत, मराठी नाही. रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबं शंभर वर्षांपूर्वी केपटाउनला येऊनही आपलं नाव त्यात आलेलं नाही. मराठी दुभाषी मिळायला वेळ लागेल. आई-वडील साक्ष देणार असतील आणि त्यांना हिंदी येत असेल, तर हिंदी मागणं सोपं पडेल.

वकील नाही, एकट्याने धीर होत नाही, तर

साउथ आफ्रिकन ह्यूमन राइट्स कमिशनकडे तक्रार फुकट करता येते. मुख्य कार्यालय जोहान्सबर्गला, बाकी प्रांतांतही कार्यालयं आहेत. ते चौकशी करतात, मध्यस्थी करतात आणि तुमच्या वतीने इक्वॅलिटी कोर्टातही जाऊ शकतात. लिंगभावाचं प्रकरण असेल तर कमिशन फॉर जेंडर इक्वॅलिटी आहे. उत्पन्न कमी असेल तर लीगल एड साउथ आफ्रिका बघा. विद्यापीठांची लॉ क्लिनिक्सही प्रकरणं घेतात. कमिशनच्या रांगेत वेळ जातो, म्हणून घराचं किंवा शाळेच्या प्रवेशाचं तातडीचं प्रकरण असेल तर मी थेट कोर्टाची वाट धरेन.

खर्चाबद्दल एक सावधगिरी. साधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. पण समोरच्याचा खर्च तुमच्यावर टाकण्याचा अधिकार कोर्टाला आहे, त्यामुळे निव्वळ सूड म्हणून तक्रार ठोकू नका.

निकाल विरुद्ध गेला तर अपील करता येतं. त्याची मुदत निकालाच्या दिवशीच क्लार्कला विचारून लिहून घ्या. निकाल बाजूने लागला, तर आदेशाची शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा. माफीची किंवा पैशांची तारीख उलटून गेली की तीच प्रत घेऊन परत त्याच क्लार्ककडे जायचं असतं. कोर्टाचा हुकूम न पाळणं हा इथे अवमानाचा विषय होतो, आणि एजंटांना ते तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं.